अकराव्या वचनाआधीची दहा वचने

वाचनभाग : यिर्मया, अध्याय २८ व २९



आपल्या घरांतून भिंतीवर टांगलेल्या वचनांच्या पाट्या पाहिल्या तर त्यांत एक वचन हमखास सापडते, ते म्हणजे यिर्मया २९:११. आपल्या लोकांविषयी आपण काय योजिले आहे हे देव जाणतो, ते त्यांच्या भल्याचे आहे, वाईटाचे नाही, आणि पुढे आशा आहे, असा त्याचा भावार्थ. लग्नपत्रिकेवर ते असते, दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या कंपासपेटीत असते, आणि अलीकडे रोज सकाळी मोबाईलवर सूर्योदयाच्या चित्रासह तेच येते. वचन खरे आहे. माझी त्याविषयी काही तक्रार नाही. पण त्याच्या आधीची दहा वचने कोणती, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? मला स्वतःला, ईशज्ञानाची पदविका घेऊन बरीच वर्षे लोटल्यावरही, ती सांगता आली नसती. अभ्यासक्रमात ती होती, परीक्षेत त्यांवर प्रश्नही आला होता. परंतु लोकांना वचन देताना ती माझ्या मनात नसत. त्यातून काय घडले आणि आमच्या गटाला पवित्र शास्त्र वाचावयास त्यातून कसे शिकता आले, ते येथे लिहीत आहे.

आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आहे. प्रत्येक कुटुंबाने ताटातील एक चिठ्ठी उचलावयाची. तिच्यावर असेल ते त्या घराचे वर्षाचे वचन. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्री एका जोडप्याच्या हाती यिर्मया २९:११ आले. पतीचे मूत्रपिंडाचे दुखणे त्या वेळी विकोपाला गेलेले, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू. त्या रात्री प्रार्थना मीच करीत होतो. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणालो, "हे देवाने तुम्हांलाच दिले आहे. हे वर्ष संपण्याच्या आत तुम्ही बरे होऊन याच वेदीपुढे साक्ष द्याल." साऱ्या मंडळीने मोठ्याने 'आमेन' म्हटले. ऑगस्ट महिन्यात ते गृहस्थ प्रभूकडे गेले.

वहिनी त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी तेवढ्या येत, शेवटच्या बाकावर बसत आणि आशीर्वाद होताच निघून जात. मी दोनदा घरी भेटावयास गेलो. चहा झाला, बोलणे झाले नाही. त्या चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मला तो काढण्याचे धैर्य नव्हते हे खरे कारण.

आता गटाविषयी. बेळगावात शहापूर भागात एका घरी दर गुरुवारी संध्याकाळी आमचा बायबल अभ्यास भरतो. नाव अभ्यासाचे, पण पहिली दोन वर्षे त्यात अभ्यास मी एकटाच करीत असे. टिपणे काढून आणीत असे, पाऊण तास बोलत असे, शेवटी "कोणाला काही विचारावयाचे आहे का?" असे म्हणत असे. कोणाला काही विचारावयाचे नसे. एकदा आमचे पाळकसाहेब येऊन मागे बसले. जाताना हसत म्हणाले, "मास्तर, अभ्यास चांगला झाला. तुमचा." मला ते बोलणे झोंबले. मग त्यांनीच नहेम्या ८ वाचावयास सांगितले. पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा नियमशास्त्र वाचतो आहे, पहाटेपासून दुपारपर्यंत; पुढे पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, ज्यांना ऐकून समजेल असे सगळे आहेत. आणि लेवी लोकांना वाचलेल्याचा अर्थ फोड करून समजावतात. एज्रासारखा शास्त्री समोर असूनही एकट्याच्या वाचनावर भागले नाही. तेरा लेव्यांची नावे तेथे दिली आहेत. पूर्वी मी ती यादी ओलांडून पुढे जात असे.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. एकच नियम केला. पहिला अर्धा तास 'याचा अर्थ असा' हे शब्द कोणी उच्चारावयाचे नाहीत; फक्त काय लिहिले आहे ते सांगावयाचे. कोण बोलतो, कोणाशी, केव्हा, त्याआधी काय घडले, कोणता शब्द पुन्हा येतो. अर्थ त्यानंतर, आणि आपल्यासाठी काय ते सर्वांत शेवटी. मला फक्त प्रश्न विचारण्याची मुभा. हा नियम इतरांस सोपा गेला, मलाच जड गेला. उत्तर ठाऊक असताना गप्प बसणे हे उपदेशकाला उपासाहून कठीण.

अशातच एका गुरुवारी आमच्यातल्या एका वृद्ध मावशींनी हट्ट धरला की त्यांच्या भिंतीवरचे वचन अभ्यासाला घ्यावे. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. ऐकून ऐकून त्यांचे अर्धे बायबल पाठ आहे. भिंतीवरचे वचन म्हणजे तेच. मी दुसरे काही सुचवून पाहिले, पण बाकीच्यांना ते पटले. त्या घरची मालकीण वहिनींची नणंद. तिने त्यांना त्या दिवशी आग्रहाने बोलावून आणले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारापाशी बसल्या होत्या. मला पळून जावेसे वाटले.

नियमाप्रमाणे अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. हे एक पत्र आहे, ही पहिली गोष्ट आमच्यातल्या निवृत्त पोस्टमन काकांनी पकडली. लगेच त्यांनी विचारले, "नेलं कोणी?" तिसऱ्या वचनात उत्तर आहे : शाफानाचा पुत्र एलासा आणि हिल्कीयाचा पुत्र गमऱ्या, ज्यांना सिद्कीया राजाने बाबेलच्या राजाकडे पाठविले होते. "म्हणजे सरकारी टपालातून गेलं," काका म्हणाले. आम्ही हसलो, पण त्यामुळे पत्राला एकदम वजन आले. यरुशलेमेतून बाबेलला जाणे म्हणजे खानापूरला जाणे नव्हे. पुढे एज्राला उलट दिशेचा हा प्रवास करावयास चार महिने लागले, असे एज्रा ७:९ मध्ये आहे. आणि पत्र कोणाला? इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने पाडाव करून नेलेल्या लोकांना. त्यांत राजा यकन्या होता, राजमाता होती, सरदार होते आणि सुतार-लोहार होते. हुन्नर असलेली माणसे उचलून नेली म्हणजे मागे राहिलेले शहर डोके वर काढीत नाही.

दहाव्या वचनाशी आलो. एका तरुणाने वाचले, आणि सत्तर वर्षे हा शब्द आला. तो पुढे अकरावे वाचणार तोच दारापासून वहिनींचा आवाज आला.

"सत्तर वर्षं? मग ज्यांना हे पत्र आलं ती माणसं परत गेलीच नसणार."

कोणी काही बोलले नाही. माझ्याजवळ तीन उत्तरे तयार होती आणि तिन्ही बरोबर होती. पण आमच्यातल्या शाळेच्या बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी तोंड मिटले. थोड्या वेळाने काका म्हणाले, "पाळण्यातलं मूल गेलं असेल तर. मोठं माणूस नाही." मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे अकरावं वचन ऐकलं त्यांनी, आणि तिथंच मेले. मग देवानं त्यांना काय दिलं?"

बंधुभगिनींनो, दोन वर्षे मी त्या गटाला शिकवीत होतो, त्यात असा प्रश्न एकदाही आला नव्हता. मी शिकवीत होतो म्हणूनच आला नव्हता.

उत्तर गटाने शोधले, आणि पत्रातच शोधले. बाई म्हणाल्या, "पाचवं पुन्हा वाचा." त्यात लोकांना घरे बांधून राहावयास, मळे लावून त्यांचे फळ खावयास सांगितले आहे, सहाव्यात लग्ने करावयास, मुलाबाळांची लग्ने करून द्यावयास, वाढावयास, कमी न होण्यास. आमच्यातल्या एका शेतकरी भावाची खानापूरच्या वाटेवर थोडी जमीन आहे. तो एरवी फार बोलत नाही. तो म्हणाला, "आंब्याचं कलम लावलं तरी धरायला चार-पाच वर्षं जातात. उद्या घरी जायचं असेल तर कोण लावतो? ज्याला राहायचं आहे तोच झाड लावतो." मग मावशी बोलल्या. त्यांनी जे पकडले ते मला इतक्या वाचनांत दिसले नव्हते. "देव एकट्याशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो," त्या म्हणाल्या. "यिर्मयाला 'तू' म्हणाला. इथं 'तुम्ही' म्हणतोय."

आपण मराठी वाचकांनी याचा फायदा करून घ्यावयास हवा. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच शब्द आहे, त्यामुळे इंग्रजी पाट्यांवरून हे वचन घेणाऱ्याला ते आपल्या एकट्यासाठी वाटते. आपल्या भाषेत देव माणसाला 'तू' म्हणतो आणि लोकसमुदायाला 'तुम्ही'. पहिल्या अध्यायात यिर्मयाला पाचारण होते तेथे 'तू' आहे. येथे 'तुम्ही' आहे. नंतर टीकाग्रंथात पाहिले तेव्हा मूळ इब्रीतही अनेकवचनच आहे. मावशींनी ते कानाने ओळखले. हे अभिवचन एका घराला वर्षासाठी दिलेले नाही, तर एका पिढीहून लांब आयुष्य असलेल्या प्रजेला दिलेले आहे. त्या प्रजेत मरणारेही आहेत आणि ज्यांचा अजून जन्म झालेला नाही तेही आहेत.

यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या गुरुवारी त्या आल्या, आणि दारापाशी न बसता चटईवर बसल्या.

दुसऱ्या गुरुवारी आठव्या-नवव्या वचनांवर अडलो. देव तेथे म्हणतो की तुमच्यामधले संदेष्टे तुम्हांला फसवीत आहेत, त्यांचे ऐकू नका, मी त्यांना पाठविलेले नाही. हे कोण संदेष्टे? आणि काय सांगत होते? उत्तरासाठी एक अध्याय मागे जावे लागले. अठ्ठाविसाव्या अध्यायात गिबोनाचा हनन्या आहे. मंदिरात, याजकांसमोर आणि सर्व लोकांसमोर तो सांगतो की दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रे परत येतील, यकन्या राजा परत येईल, सगळे बंदिवान परत येतील. हनन्याने दुसऱ्या देवाचे नाव घेतले नाही. त्याने सेनाधीश परमेश्वराचेच नाव घेतले, आणि यिर्मया वापरतो तीच शब्दरचना वापरली. जे सांगितले ते गोड होते, देशभक्तीचे होते, विश्वासाचे वाटणारे होते. तेथे असतो तर माझा 'आमेन' त्यालाच मिळाला असता.

आणि यिर्मयाचाही मिळाला! सहावे वचन पाहा. यिर्मया 'आमेन' म्हणतो, परमेश्वर असेच करो अशी इच्छा बोलून दाखवितो. लोक परत यावेत असे त्यालाही वाटत होते. आपण यिर्मयाला कडू तोंडाचा माणूस समजतो, तसा तो नव्हता. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले तेव्हाही तो वाद घालीत बसला नाही. अकराव्या वचनाच्या शेवटी एवढेच आहे की यिर्मया निघून गेला. देवाकडून शब्द आल्यावर मग तो पुन्हा हनन्याकडे गेला. मधला काळ किती होता ते दिलेले नाही. ठाऊक नाही तोपर्यंत गप्प राहणे हे संदेष्ट्याने करून दाखविले, आणि आम्हां उपदेशकांना तेच जमत नाही.

त्या संध्याकाळी मी नियम मोडला. मी म्हणालो, "त्या ३१ डिसेंबरच्या रात्री मी हनन्या होतो." वहिनींकडे पाहून म्हणालो, "देवाने जे सांगितले नव्हते ते मी त्याच्या नावाने तुम्हांला सांगितले. तुम्ही दोघांनी त्यावर भरवसा ठेवला. मला क्षमा करा." त्या बराच वेळ ओच्याचा कोपरा चुरगाळत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, ते शेवटच्या दिवसांत मला सारखे विचारायचे, आपला विश्वास कुठं कमी पडला? त्याचं मला दुःख आहे. मरण तर येणारच होतं." 

याच्याविषयी मी अधिक लिहू शकत नाही. एवढेच लिहितो की वचन संदर्भातून तोडणे ही केवळ अभ्यासातली चूक नसते. आम्ही तोडलेले वचन एका मरणाऱ्या माणसाच्या उशाशी जाऊन बसले आणि त्याच्यावर आरोप करू लागले. दहावे वचन त्या दोघांना माहीत असते, तर त्या माणसाने निदान देवाच्या हातून झालेल्या विलंबाला स्वतःच्या अविश्वासाचे फळ मानले नसते.

तिसऱ्या गुरुवारी दोन गोष्टी झाल्या. पोस्टमन काकांनी हिशेब करून आणला होता. पाडाव इ.स.पू. ५९७, आणि कोरेश राजाने परत जाण्याची मोकळीक दिली ती इ.स.पू. ५३८ च्या सुमारास. "वजा केले तर एकोणसाठ होतात, सत्तर कुठं?" असा त्यांचा प्रश्न. पूर्वी असे काही आले की मी ते झाकून पुढे नेत असे. या वेळी म्हणालो, "मला आत्ता सांगता येत नाही, पुढच्या गुरुवारी सांगतो." कोणाचाही विश्वास त्यामुळे डळमळला नाही. घरी जाऊन पाहिले तर गाठ वचनातच सुटत होती. दहाव्या वचनात सत्तर वर्षे म्हटली आहेत ती बाबेलची. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर, असे आहे. अश्शूरची सत्ता इ.स.पू. ६०९ च्या सुमारास संपली आणि बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये पडले, हा काळ धरला तर हिशेब बसतो. काही अभ्यासक मंदिराच्या नाशापासून, म्हणजे इ.स.पू. ५८६ पासून, दुसरे मंदिर बांधून झाले त्या इ.स.पू. ५१६ पर्यंत मोजतात. कोणी सत्तर हा आकडा 'एक माणसाचे आयुष्य' अशा अर्थाने घेतात. मला पहिले मत अधिक पटते, कारण ते वचनातल्या शब्दाला धरून आहे. काकांनी मात्र त्याच शोधात आणखी एक गोष्ट आणली होती. एज्रा ३:१२ प्रमाणे दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले बरेच वृद्ध तेथे होते आणि ते मोठ्याने रडले. "म्हणजे मी चुकलो," काका म्हणाले. "थोडी म्हातारी माणसं परत गेली होती." गटात आपले मागच्या आठवड्याचे म्हणणे आपणच दुरुस्त करणारा माणूस असला तर पाळकाने त्याला जपावे.

दुसरी गोष्ट सातव्या वचनाची. ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे भले पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचे भले आहे, असा त्याचा आशय. मूळात तेथे 'शालोम' हा शब्द एकाच वचनात तीनदा आला आहे, आणि अकराव्या वचनात देवाची योजना कशाची, तर पुन्हा 'शालोम'चीच. आपल्या भाषांतरांत या शब्दासाठी कोठे शांती, कोठे हित, कोठे कल्याण येते, म्हणून धागा लक्षात येत नाही. गटात दोन-तीन निरनिराळी भाषांतरे असावीत ती यासाठी. जुने, नवे, शक्य असेल तेथे पंडिता रमाबाईंचेही. आमच्या मुक्ती मिशनच्या त्या बाईंनी साध्या स्त्रियांना कळावे म्हणून इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून निघाले. शब्द जुळत नाही तेथे थांबावे. बहुधा खाली काहीतरी दडलेले असते. येथे दडलेले होते ते हे की अकराव्या वचनातले भले मागणाऱ्याला सातव्या वचनातले भले करणे टाळता येत नाही. आणि ते नगर बाबेल! ज्याने त्यांना पाडाव करून नेले त्याचे.

यावर आमच्यात वाद झाला, आणि झाला ते बरे झाले. एक तरुण म्हणाला, "आपणही इथं तसेच, परक्या भाषेच्या राज्यात." त्यावर शाळेच्या बाई तडक म्हणाल्या, "तुला कोणी पकडून आणलं? तुझ्या आजोबांचे आजोबा इथल्याच मातीत आहेत." बाईंचे बरोबर होते. आपल्या परिस्थितीला बाबेलचा अंगरखा चढविण्याची घाई करू नये. यिर्मयाने पत्र बेळगावला लिहिले नव्हते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथल्या मंडळ्यांनाही हेच म्हणता येईल. तेथली आपली घरे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. पण मग बाईंनीच विचारले की बंदिवानांना शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना करावयास सांगितली असेल, तर आपण आपल्या स्वतःच्या शहरासाठी शेवटची प्रार्थना कधी केली? आम्ही आठवून पाहिले. आजाऱ्यांसाठी, परीक्षांसाठी, मंडळीच्या कुंपणाच्या भिंतीसाठी, देशाच्या पुढाऱ्यांसाठी एका वाक्यात. शहरासाठी नाही. कानडी मंडळीच्या भाऊबहिणींसाठीही नाही. त्या दिवसापासून गटाच्या प्रार्थनेत शहराचे नाव येते. राकसकोपचे पाणी येते, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका येतात, आणि भाषेवरून तापलेल्या दिवसांत दोन्ही बाजूंची पोरे येतात. त्या दिवसांत ही प्रार्थना सोपी नसते. एकदोघे 'आमेन' जरा उशिरा म्हणतात.

चौथ्या गुरुवारी उरलेली वचने घेतली, म्हणजे बारा ते चौदा आणि पुढे. तेथे देव म्हणतो की तुम्ही मला हाक माराल, मी ऐकेन; मनापासून शोधाल तर मी सापडेन. हे बाबेलात. मंदिर नाही, वेदी नाही, अशा ठिकाणी. वहिनींनी तीन आठवड्यांपूर्वी विचारले होते, देवाने त्यांना काय दिले. त्या दिवशी त्यांनीच वाचले आणि म्हणाल्या, "हे त्यांना लगेच मिळालं. याला सत्तर वर्षं लागली नाहीत." मी या वाक्यावर उपदेश करू नये असे मला वाटले, म्हणून पुढचे गीत सुरू केले.

आता ज्या मंडळ्यांत असा गट नाही किंवा आहे पण माझ्यासारख्याच्या भाषणाखाली दबलेला आहे, त्यांच्यासाठी थोडे. आठ-दहा माणसे पुरेत. पंधरांच्या वर गेली की लाजरी माणसे पुन्हा श्रोते होतात. उतारा मोठ्याने, सावकाश, निदान दोनदा वाचावा. वाचता न येणाऱ्यांना मागे बसवू नये. फार वर्षे केवळ कानाने शास्त्र शिकलेल्यांना शब्द ऐकू येतात, आम्हां डोळ्यांनी वाचणाऱ्यांच्या नजरेखालून ते निसटतात. टीकाग्रंथ आणि मोबाईल पहिल्या अर्ध्या तासात मिटलेले असावेत, नंतर उघडावेत; ते अजिबात उघडू नयेत असे म्हणणारेही मला भेटले आहेत, पण काकांचा हिशेब केवळ प्रार्थनेने सुटला नसता. अध्यायांचे आणि वचनांचे आकडे पवित्र नाहीत हेही सांगून ठेवावे. आजचे अध्याय तेराव्या शतकातले, स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूच्या नावे आहेत. आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. जागा सापडावी म्हणून ते आहेत. आपण त्यांची सुरी करून वचने कापू लागलो.

एक धोका दुसऱ्या बाजूचाही आहे. प्रत्येकाने "मला असे वाटते" म्हणावयाचे, सगळ्यांनी माना डोलवावयाच्या आणि चहा घेऊन घरी जावयाचे, हा अभ्यास नव्हे. बोलणाऱ्याला गटातील कोणीही प्रेमाने विचारू शकले पाहिजे, "हे कोठे लिहिले आहे, बोट ठेवून दाखवा." बिरुयाच्या लोकांनी पौलालासुद्धा हे केले, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांना नावे ठेवलेली नाहीत, त्यांची वाखाणणी केली आहे. मग आमच्यासारख्यांना कोणी विचारले तर राग कशाला यावा? येतो, हे मात्र खरे.

यिर्मया अवघड वाटत असेल तर फिलेमोनाच्या पत्रापासून आरंभ करावा. ते पंचवीस वचनांचेच आहे, एका बैठकीत सबंध वाचून होते, त्यामुळे कोणाला मधलेच एखादे वचन उचलून नेता येत नाही. पहिल्या दिवशी एवढेच विचारा की हे पत्र कोणाच्या घरी वाचले गेले, आणि ते वाचले जात असताना अनेसिम त्या घरात कोठे उभा असेल. आमच्या गटाने येत्या गुरुवारपासून तेच घेतले आहे, आणि प्रश्न विचारण्याची पाळी या वेळी वहिनींची आहे.